मोरारजींचं जुनं खातं पुन्हा तपासताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. आजोबा अठ्ठ्याऐंशी वर्षांचे, सगळी हयात लालबागच्या गिरणीत गेली, आणि मोरारजी देसाईंचं नाव ते आजही शिवीशिवाय घेत नाहीत. तुमच्या वाचनात मात्र अलीकडे येतंय की २०१६ च्या नोटाबंदीशी ताडून पाहिली तर मोरारजी पंतप्रधान असतानाची १९७८ ची नोटाबंदी किती शहाणपणाची होती, आणि एकूणच आपण त्या माणसावर अन्याय केला. मी दोन्ही नोटाबंद्या पाहिल्या, एक काउंटरच्या आतून आणि एक बाहेरून. म्हणून मला विचारताय, की खरं काय? आणि आजोबांना काय सांगायचं?

आधी उत्तर सांगतो, मग कारणं. मोरारजींचं नव्याने मोजमाप व्हायला हवं. पण नोटाबंदी हे त्याचं चुकीचं कारण आहे.

मी इतिहासाचा माणूस नाही, बँकेचा आहे. १९७६ साली एका सरकारी बँकेत क्लार्क म्हणून लागलो आणि २०१५ साली निवृत्त झालो. शेवटची बारा वर्षं कर्जाच्या फाइली तपासण्यात गेली. त्या कामात एक चूक हमखास दिसायची. एखाद्या शाखेत एक मोठं खातं बुडालं, की त्याच शाखेतलं दुसरं, रडतखडत हप्ते भरणारं खातं एकाएकी सगळ्यांना गुणी वाटायला लागायचं. मॅनेजर म्हणायचा, "साहेब, हा बिचारा निदान व्याज तरी भरतो." खात्यात नवा रुपया जमा झालेला नसायचा. बुडालेलं असायचं ते शेजारचं. अशा वेळी मी विचारायचो, मागच्या तपासणीनंतर या फाइलीत नवा कागद कोणता आला? नसेल आला, तर जुनाच एखादा कागद आपण नीट वाचला नव्हता का? यातल्या एकाचंही उत्तर 'हो' नसेल तर शेरा बदलायचा नाही.

२०१६ मध्ये मोरारजींच्या फाइलीत नवा कागद आलेला नाही. त्यांना जाऊनही तेव्हा एकवीस वर्षं झाली होती. १० एप्रिल १९९५ ला, वयाच्या नव्व्याण्णवाव्या वर्षी, ते याच मुंबईत वारले. पण २०१६ मुळे एक जुना कागद लोकांनी पुन्हा वाचायला घेतला, हे मात्र खरं. तर तो आधी वाचू.

१६ जानेवारी १९७८, सोमवार. परळच्या नाक्यावरच्या इराण्याकडे चहा घेत होतो. नऊच्या बातम्यांत सांगितलं की हजार, पाच हजार आणि दहा हजाराच्या नोटा चलनातून बाद. हॉटेलात क्षणभर शांतता झाली आणि मग लोक हसायला लागले. गिरणीची पहिली पाळी गेलेली, दुसरीला वेळ होता. बसलेल्यांत बहुतेक आमच्यासारखेच. हजाराची नोट घरात असणं सोडाच, कित्येकांनी ती पाहिलेलीही नव्हती. माझ्या हातात तेव्हा महिन्याला हजार रुपये पडत नसत. हजाराच्या नोटेवर तंजावरचं देऊळ होतं आणि पाच हजाराच्या नोटेवर आपलं गेटवे ऑफ इंडिया. गेटवे आम्हाला रोज दिसायचं, नोट नाही.

फोर्टातल्या आमच्या शाखेत मी कॅश डिपार्टमेंटला होतो. त्या संध्याकाळी काउंटर बंद झाल्यावर हेड कॅशियरनी तिजोरीतल्या बाद नोटा मोजायला घेतल्या, कारण दिवसाच्या कामकाजाअखेर प्रत्येक बँकेकडे अशा किती नोटा आहेत त्याचं विवरणपत्र रिझर्व्ह बँकेला द्यायचं होतं. सगळ्या मिळून एका खाकी पाकिटात मावल्या. दुसऱ्या दिवशी, १७ ला, बँका व्यवहारासाठी बंद. लोकांना मुदत १९ पर्यंत. नोटांबरोबर घोषणापत्र जोडायचं: नोटा कुठून आल्या, जवळ का ठेवल्या. उशीर झाला तर २४ पर्यंत कारण देऊन रिझर्व्ह बँकेकडे अर्ज. मिंट रोडवर रिझर्व्ह बँकेसमोर रांग लागली ती मी जेवणाच्या सुट्टीत जाऊन पाहिली. रांगेत सुटाबुटातली माणसं होती, आणि त्यांनी धाडलेले नोकर. बघ्यांची गर्दी रांगेपेक्षा मोठी.

पण २० तारखेला आमच्या काउंटरवर गिरगावातली एक बाई आली. साठीच्या पुढची, नऊवारीतली. नवऱ्याने मरण्याआधी खोलीची पागडी घेतली होती, त्यातल्या हजाराच्या आठ नोटा तिने डब्यात तांदळाखाली ठेवल्या होत्या. बातमी तिच्यापर्यंत पोचली, पण मुदतीची तारीख पोचली नाही. मी तिला रिझर्व्ह बँकेचा पत्ता लिहून दिला, अर्जाचा मजकूरही मराठीत सांगितला. "कशासाठी ठेवल्या" या रकान्यात काय लिहायचं हे ती मला विचारत होती. तेवीस वर्षांचा मी; म्हटलं, म्हातारपणासाठी असं लिहा. ती बाई पुन्हा आली नाही. आज कोणी १९७८ ची नोटाबंदी "गरिबाला न दुखवता" झाली असं म्हणालं, की मला तो तांदळाचा डबा आठवतो. तिच्यासारखे फार थोडे होते, हेही तितकंच खरं.

थोडे का होते? कारण बाद झालेल्या नोटा साऱ्या देशात मिळून दीडशे कोटी रुपयांच्या आसपास होत्या, म्हणजे चलनातल्या एकूण पैशाच्या दोन टक्क्यांच्याही आत. २०१६ मध्ये बाद झाल्या त्या पाचशे आणि हजाराच्या नोटा चलनाच्या मूल्यात ८६ टक्के होत्या. सारा फरक इथे आहे. १९७८ मध्ये सरकारने इमारतीची गच्ची बंद केली आणि २०१६ मध्ये जिना.

८ नोव्हेंबर २०१६ ला मी निवृत्त होऊन वर्ष झालं होतं. रात्री आठ वाजता पंतप्रधान मोदी टीव्हीवर आले, आणि १० तारखेला सकाळी मी माझ्याच जुन्या बँकेच्या दादरच्या शाखेबाहेर साडेतीन तास उभा होतो. पुढे भाजीवाली, मागे एका नर्सिंग होममधली आया, तिच्याही मागे कॉलेजातली चार पोरं. आत काउंटरवर माझ्याच हाताखाली शिकलेली एक मुलगी. तिने मान वर केली, ओळखलं, हसायला तिला वेळ नव्हता. अदलाबदलीची मर्यादा आधी चार हजार, मग साडेचार, मग दोन हजार; बोटाला शाई; २४ नोव्हेंबरनंतर अदलाबदलच बंद, फक्त खात्यात भरणा. नवी दोन हजाराची नोट आकाराने वेगळी, त्यामुळे एटीएमच्या पेट्या बदलल्याशिवाय ती त्यात बसेना. चलनाचं काम ज्यांनी केलंय त्यांना सांगायला नको: पैसे छापण्याइतकंच ते योग्य मापाच्या डब्यात घालून योग्य गावी पोचवणं कठीण असतं. १९७८ ला हा प्रश्नच नव्हता, कारण बाद नोटांच्या बदली द्यायला शंभराच्या नोटा तिजोरीत पडून होत्या.

आता दोन्हींचा उद्देश पाहा. काळा पैसा बाहेर काढणं, दोन्ही वेळेला. १९७८ चे रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर आय. जी. पटेल यांना हा उपाय पटलेला नव्हता, आणि काळा पैसा म्हणजे सुटकेसमध्ये आणि उशीच्या अभ्र्यात कोंबलेल्या नोटा ही समजूत भाबडी आहे, असं त्यांनी पुढे लिहून ठेवलं. काळ्या पैशाची तेव्हाही जमीन होत होती, सोनं होत होतं, मलबार हिलवर फ्लॅट होत होता. २०१६ बद्दल रिझर्व्ह बँकेचाच आकडा आहे: १५.४१ लाख कोटींच्या नोटा बाद झाल्या आणि १५.३१ लाख कोटींच्या परत आल्या, म्हणजे ९९.३ टक्के. उद्देशाच्या कसोटीवर दोन्ही खाती सारखीच. पहिल्याने नुकसान कमी केलं ते आकार लहान होता म्हणून. आकार लहान ठेवणं हा मोरारजींचा संयम म्हणायचा का? मला तसं वाटत नाही. त्या काळात मोठी नोट मुळात श्रीमंताच्याच घरी असायची. हजाराची नोट सामान्यांच्या पाकिटात आली ती महागाईने, पुढच्या तीसचाळीस वर्षांत. त्याचं श्रेय १९७८ च्या पंतप्रधानाला कसं द्यायचं?

एक गोष्ट मात्र मी त्यांच्या जमेला धरतो, आणि ती मोदींशी तुलना न करताही जमेलाच राहते. १९७८ ला नोटा बाद झाल्या त्या वटहुकमाने. रिझर्व्ह बँकेचे अधिकारी आर. जानकीरामन यांना १४ जानेवारीला दिल्लीला बोलावून वटहुकूम लिहायला बसवलं. त्यांनी १९४६ च्या नोटाबंदीचा जुना वटहुकूम समोर ठेवून मसुदा केला आणि १६ च्या पहाटे राष्ट्रपती नीलम संजीव रेड्डींची सही झाली. मग मार्चअखेर संसदेने कायदा केला. म्हणजे गुप्तता राखली, पण नंतर का होईना, सभागृहासमोर जाऊन उत्तर दिलं. २०१६ चं काम रिझर्व्ह बँक कायद्याच्या कलम २६(२) खालच्या राजपत्रातल्या अधिसूचनेवर झालं. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये चार विरुद्ध एक अशा मताने ते वैध ठरवलं. जे एक मत विरोधात गेलं, न्यायमूर्ती बी. व्ही. नागरत्ना यांचं, त्याचा मुद्दा हाच होता, की एवढा मोठा निर्णय केंद्राला घ्यायचा असेल तर तो कायदा करून घ्यायला हवा. हे निकालपत्र वाचलं तेव्हा मला १९७८ चा वटहुकूम प्रथमच नीट दिसला. आम्ही तेव्हा त्यातल्या मुदती तेवढ्या वाचल्या होत्या. जुनाच कागद नीट वाचला नव्हता, असं मी वर म्हटलं ते याला.

इथवर बँकेचं झालं. पण तुमच्या आजोबांचा राग नोटांचा नाही.

१६ जानेवारी ही तारीख मी मुद्दाम सांगितली. १९७८ च्या बरोबर बावीस वर्षं आधी, १६ जानेवारी १९५६ ला, नेहरूंनी रेडिओवरून जाहीर केलं की मुंबई केंद्रशासित राहील. त्यानंतरच्या आठवड्यात या शहरात पोलिसांच्या गोळ्यांनी किती माणसं पडली हे गिरणगावात कोणाला सांगावं लागत नाही. त्याआधी, २१ नोव्हेंबर १९५५ ला, फ्लोरा फाउंटनला संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चावर गोळीबार होऊन पंधरा जण मेले होते. आदल्याच संध्याकाळी चौपाटीवर मोरारजी आणि मुंबईचे काँग्रेस पुढारी स. का. पाटील यांची सभा उधळली गेली होती. काँग्रेस जिवंत आहे तोवर महाराष्ट्राला मुंबई मिळणार नाही, असं मोरारजी म्हणाले, अशीच ती सभा आपल्याकडे लक्षात राहिली आहे. तेव्हाच्या मुंबई राज्याचे मुख्यमंत्री तेच. १०६ हुतात्मे आपण म्हणतो, त्यातले बहुतेक त्यांच्याच कारकिर्दीतले.

मोरारजींच्या बाजूने जे सांगितलं जातं ते मला माहीत आहे. दंगल होती, दगडफेक आणि जाळपोळ होती, दुकानं लुटली गेली, शहर हातातून जाईल अशी भीती होती. असेल. मी ते खोडत बसत नाही. माझा आक्षेप पुढचा आहे. एवढी माणसं मेल्यावर न्यायालयीन चौकशी व्हायला हवी होती, आणि ती झाली नाही. त्या वेळचे केंद्रीय अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी मुंबईच्या प्रश्नावर राजीनामा दिला, आणि लोकसभेत निवेदन करताना गोळीबार आणि नाकारलेली चौकशी या दोन्हींवर बोट ठेवलं. देशमुख म्हणजे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. १९४६ ची नोटाबंदी झाली तेव्हा त्या खुर्चीवर तेच होते. आम्हा बँकवाल्यांना त्यांचा अभिमान वाटतो तो पदामुळे कमी, या राजीनाम्यामुळे जास्त.

आता १९७७ ला या. आणीबाणीत एकोणीस महिने कैदेत काढलेले मोरारजी २४ मार्चला पंतप्रधान होतात, आणि दोन महिन्यांत आणीबाणीतल्या अतिरेकांच्या चौकशीसाठी माजी सरन्यायाधीश जे. सी. शहा यांचा आयोग नेमतात. आयोग नेमला हे योग्यच. पण दुसऱ्याच्या कारभाराची चौकशी करायला आयोग, आणि स्वतःच्या गोळीबाराला काहीच नाही. ऑडिटच्या भाषेत याला काय म्हणतात ते इथे लिहीत नाही. नंतर कोणीही कसाही निघो, इंदिराबाई असोत वा मोदी, या नोंदीवर त्याचा काडीचा परिणाम होत नाही. १९५६ ची नोंद १९५६ मध्येच राहते.

मग मी सुरुवातीला पुन्हा मोजायला हवं म्हटलं ते कशासाठी?

चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीसाठी. १९७८ सालची. तिच्याबद्दल आपल्याकडे इतकं कमी बोललं जातं की स्पर्धा परीक्षेची मुलं सोडली तर कोणाला आठवत नाही. आणि त्यांनाही आठवतो तो मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून निघाला एवढाच भाग. आणीबाणीचा भाग वाचा. १९७५ मध्ये "अंतर्गत अशांतता" एवढ्या शब्दांवर आणीबाणी लागली होती. त्या जागी "सशस्त्र बंड" आलं. मंत्रिमंडळाने लेखी कळवल्याशिवाय राष्ट्रपतींनी घोषणा करायची नाही, अशी अट आली. जून ७५ मध्ये मंत्रिमंडळाला सकाळी उठवून सांगण्यात आलं होतं, त्याआधी रात्रीच सही झालेली. संसदेची मंजुरी एका महिन्याच्या आत, आणि तीही विशेष बहुमताने. लोकसभेच्या एक दशांश सदस्यांनी लेखी मागणी केली तर आणीबाणी उठवण्यासाठी बैठक बोलवावीच लागेल. आणि सर्वांत मोठी गोष्ट: जीविताचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क, कलम २१, आणीबाणीतही स्थगित करता येणार नाही.

हे वाचताना एक विचार करा. हे सरकार सत्तेवर होतं. जे अधिकार त्यांनी छाटले ते त्यांच्याच हातातले होते. सत्तेवर येणारा प्रत्येक जण आधीच्याच्या कायद्याला शिव्या देतो आणि मग तोच कायदा स्वतः वापरतो, हे आपण इतक्यांदा पाहिलंय की त्याचं काही वाटत नाही. इथे उलटं झालं. श्रेय एकट्या मोरारजींचं नाही. कायदामंत्री शांतिभूषण यांचं मोठं आहे, आणि राज्यसभेत काँग्रेसचं बळ असल्याने त्यांच्या मतांशिवाय हे पारच पडलं नसतं, काही कलमं तर तिथे गळलीच. पण पंतप्रधान ते होते.

आणि इथे नंतरचा नेता खरोखर कामाला येतो. १९८० मध्ये इंदिरा गांधी प्रचंड बहुमताने परतल्या. शहा आयोगाचं काही उरलं नाही, खटले विरून गेले, जनता पक्षाचे तर तुकडेच झाले. ही दुरुस्ती मात्र राहिली. पंजाब, आसाम, एका पंतप्रधानाची आणि एका माजी पंतप्रधानाची हत्या, ९२-९३ ची आपली मुंबई, एवढं सगळं होऊनही या देशात पुन्हा आणीबाणी लागली नाही. तारण घेताना कर्जदाराचा स्वभाव बघू नये, कागद पक्का करावा, असं आम्हाला शिकवलं जायचं. हा कागद पक्का निघाला. मोरारजींच्या फाइलीत नंतरच्या काळाने टाकलेला नवा कागद म्हणाल तर हा.

तरी त्यांची मूर्ती करू नका. याच मोरारजींच्या सरकारने १९७७ मध्ये काँग्रेसची सत्ता असलेल्या नऊ राज्यांच्या विधानसभा एका फटक्यात बरखास्त केल्या. लोकसभेत तुमचा पराभव झाला म्हणजे राज्यांतही तुम्हाला जनाधार उरला नाही, असा युक्तिवाद करून. तीन वर्षांनी इंदिराबाईंनी तोच युक्तिवाद उचलला आणि नऊ विधानसभा बरखास्त केल्या. त्या नवांत महाराष्ट्र होता. शरद पवारांचं पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकार फेब्रुवारी १९८० मध्ये गेलं ते या पायंड्यावर. एका वर्षी आणीबाणीचं दार चिणायला घेतलं, आणि आदल्याच वर्षी राष्ट्रपती राजवटीचं दार सताड उघडून ठेवलेलं. ते बंद व्हायला सर्वोच्च न्यायालयाचा १९९४ चा बोम्मई निकाल यावा लागला.

बाकीचं झटपट सांगतो. सोनं: १९६३ च्या जानेवारीत अर्थमंत्री म्हणून त्यांनी सुवर्ण नियंत्रण आणलं, चौदा कॅरेटच्या वर नवे दागिने घडवायला बंदी. झवेरी बाजारापासून तालुक्याच्या गावापर्यंत सोनारांच्या भट्ट्या विझल्या, आणि फायदा चोरट्या सोन्याचा झाला. वाईट निर्णय; शेवटी १९९० मध्ये तो कायदा गेला. दारू: १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा झाला तेव्हा गृहमंत्री तेच. मुंबईच्या पाट्यांवरचा "परमिट रूम" हा शब्द त्या कायद्याने दिलेला आहे, आणि दारूबंदीने हातभट्टीचा धंदा कसा उभा राहिला ते शहराने पाहिलंय. बँका: त्यांना राष्ट्रीयीकरण नको होतं, "सामाजिक नियंत्रण", म्हणजे मालकी खाजगीच ठेवून सरकारी देखरेख, पुरेसं वाटत होतं. म्हणून १६ जुलै १९६९ ला इंदिराबाईंनी त्यांच्याकडून अर्थखातं काढून घेतलं आणि तीन दिवसांत चौदा बँका सरकारी केल्या. माझी नोकरी त्या राष्ट्रीयीकरणाने निघालेल्या शाखांतली, तेव्हा मी इथे निःपक्षपाती नाही. तरी नोंदवतो, की स्वतः पंतप्रधान झाल्यावर त्यांनी एकही बँक परत खाजगी केली नाही. आणि साखर: जनता राजवटीत साखर स्वस्त झाली होती हे माझी आई पुढे कितीतरी वर्षं सांगायची. तिच्या लेखी त्या सरकारचं एवढंच काम.

खोक्यात ठेवून विसरायच्या गोष्टी म्हणजे शिवांबू, निशान-ए-पाकिस्तान, मुलावरचे आरोप. दिवाळी अंकातल्या विनोदांना त्यांनी पुष्कळ खाद्य दिलं, पण तुमच्या प्रश्नाशी त्यांचा संबंध नाही.

राहिले आजोबा. त्यांना मोरारजी चांगले होते असं समजावायला जाऊ नका. त्यांनी हिशेब केलेला नाही असं तुम्हाला वाटत असेल तर चूक होईल. १९७७ च्या मार्चमध्ये मुंबईने लोकसभेच्या सहाच्या सहा जागा काँग्रेसच्या विरोधात दिल्या. निवडून आलेल्यांत अहिल्याताई रांगणेकर होत्या आणि मृणालताई गोरे होत्या, "पानीवाली बाई दिल्ली में, दिल्लीवाली बाई पानी में" ही घोषणा तेव्हाचीच; पानीवाली मृणालताई, दिल्लीवाली इंदिराबाई. ज्या शहराने मोरारजींची सभा दगडांनी उधळली होती, त्याच शहराने एकवीस वर्षांनी त्यांचं सरकार येईल अशी मतं टाकली. कोणी त्यांना माफ केलं नव्हतं. समोर त्या दिवशी कोण उभं आहे ते पाहून मत दिलं, आणि घरी येऊन पुन्हा शिवी घातली. आमच्या चाळीत तर हेच झालं. माझे वडील मतदान करून आले, चप्पल काढली आणि आईला म्हणाले, "या मेल्यासाठी मत द्यायची वेळ आली."

म्हणून आजोबांना आधी विचारा, ७७ ला मत कोणाला दिलं. मग विचारा, २१ नोव्हेंबरला ते कुठे होते, कोणाबरोबर होते, फाउंटनला पोचले की बोरीबंदरलाच अडवले, घरी परत कसे आले, कोण आलं नाही. वही घेऊन बसा, जमलं तर मोबाइलवर आवाजही घ्या, पण वही हवीच. वीस वर्षांनी मोबाइल उघडत नाही, वही उघडते. तारीख, ठिकाण, वेळ, जे सांगतील ते त्याच क्रमाने. चुकलं तर दुरुस्त करू नका, समासात वेगळी खूण करा. चौकशी झाली नाही म्हणून त्या दिवसांच्या साक्षी कुठे नोंदल्याच गेल्या नाहीत, आणि साक्ष द्यायला आता फार थोडे उरलेत. आणि शिवी देतील तिथे टिंबं टाकू नका. आहे तशी लिहा.